पूजेत गेलेला स्पेसर

पूजेच्या पाटावर, मोठ्या पान्याच्या शेजारी, झेंडूच्या फुलाखाली मला म्हात्रेंच्या गाडीचा स्पेसर दिसला, तेव्हा म्हात्रेंची गाडी गॅरेजमधून निघून गेली होती.

स्पेसर म्हणजे जाडजूड अंगठीएवढी एक लोखंडी कडी. गॅरेजमध्ये अशा कड्या ढिगाने पडलेल्या असतात. पण ही मी ओळखत होते, कारण तिच्या एका कडेवर कुणा जुन्या मेकॅनिकने छिन्नीने मारलेली खूण होती आणि आदल्या दिवशी मीच ती बोटांनी चाचपून पाहिली होती. मी फूल बाजूला केलं. कडी लख्ख पुसलेली, वर हळद-कुंकवाचं बोट. खाली छिन्नीची खूण.

"दिलीप, म्हात्रेंची गाडी कुठाय?"

"दिली ना मॅडम मघाशीच. एकदम ओके. चार्जिंग पण बघितलं."

"आणि ही कडी?"

दिलीपने कडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कडीकडे. त्याचा चेहरा उतरला. "ती त्याच्यातली होती? मला वाटलं आपलीच कुठलीतरी पडलेली."

कल्याण-शीळ रस्त्यावरच्या या गॅरेजमध्ये मी फ्लोअर सुपरवायझर आहे. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा केला, ठाण्यात एका सर्व्हिस सेंटरमध्ये उमेदवारी केली आणि मग डोंबिवलीत घराजवळ काम हवं म्हणून सावंतशेठकडे आले. दिलीप आमचा सगळ्यात जुना मेकॅनिक. हात चांगला आहे त्याचा. म्हणूनच जास्त राग येतो. ज्याला येत नाही त्याने चूक केली तर आपण शिकवतो. ज्याला येतं तो "चालतंय" म्हणतो तेव्हा काय करायचं?

काय झालं होतं ते सांगते. बाळाराम म्हात्रे दिव्याचे. दिवा गावातले जुने रहिवासी, आजूबाजूला इमारती उठायच्या आधीपासूनचे. त्यांच्याकडे जीपसारखी जुनी डिझेल गाडी आहे. त्यांच्या आईला डायलिसिस लागतं. आठवड्यातून तीनदा ते आईला ठाण्याच्या सेंटरला नेतात, सोबत शेजारच्या चाळीतले एक काका येतात, त्यांनाही तेच दुखणं. गाडीच्या डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागायला लागला म्हणून म्हात्रे आमच्याकडे आले. आम्ही पाहिलं, अल्टरनेटर गेलेला.

अल्टरनेटर म्हणजे गाडीची छोटी वीज कंपनी. इंजिन चालू असताना तो वीज तयार करतो आणि बॅटरी भरतो. त्याला फिरवतो एक रबरी पट्टा. इंजिनच्या खालच्या पुलीवरून तो पट्टा निघतो, फॅनच्या पुलीवरून जातो आणि अल्टरनेटरच्या पुलीवरून परत येतो. फॅनच्या पुलीवरच पाण्याचा पंप असतो, म्हणजे इंजिन थंड ठेवायचं कामही त्याच पट्ट्याचं. तीन पुल्या, एक पट्टा. या तिघी एका रेषेत असल्याच पाहिजेत. एक जरी आत-बाहेर झाली तरी पट्टा तिरका चालतो, कुरकुरतो, झिजतो आणि एक दिवस उडून जातो.

आता यात एक जास्तीची गोष्ट आहे, जी गाडी चालवणाऱ्या पुष्कळांना माहीत नसते. या जातीच्या डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीला एक व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो. ब्रेक दाबायला पायाला जी मदत मिळते ती त्या पंपामुळे. पट्टा उडाला की पंप बंद. मग एक-दोनदा ब्रेक लागतो आणि त्यानंतर पेडल दगडासारखं घट्ट होतं. ब्रेक असतो, पण लावायला अंगातली सगळी ताकद पायात आणावी लागते. दिव्याहून ठाण्याला जायचं तर शीळफाट्यावरून मुंब्रा बायपासला लागावं लागतं. तिथे उतार आहे आणि पुढे-मागे कंटेनर असतात.

अल्टरनेटर आम्ही कल्याणच्या एका वाइंडिंगवाल्याकडून पुन्हा भरून घेतला. नवं वाइंडिंग, नवे बेअरिंग. फॅनची पुलीही खाचेत झिजली होती, ती नवी आणली. वाइंडिंगवाल्याने अल्टरनेटर परत दिला तो पुली न लावता. पुली, नट आणि स्पेसर वेगळे पिशवीत. स्पेसर बेअरिंग आणि पुलीच्या मध्ये बसतो आणि पुलीला तिच्या रेषेत आणून ठेवतो. आदल्या दिवशी मी ते सगळं बेंचवर फडक्यावर मांडलं आणि दिलीपला म्हटलं, "उद्या सकाळी बसव. नट टॉर्क रेंचने घट्ट कर आणि पट्टी लावून लाइन बघ."

टॉर्क रेंच म्हणजे किती जोर लागला ते दाखवणारा पाना. ना कमी, ना जास्त. आणि पट्टी म्हणजे पुल्या एका रेषेत आहेत का ते टेकवून बघायची सरळ लोखंडी पट्टी.

पण दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. मालवणकडच्या आपल्या घरी होते तशीच इथेही व्हायला हवी असा शेठचा कडक आग्रह असतो. आदल्या संध्याकाळी सगळे पाने, हातोड्या, जॅक डिझेलमध्ये धुतात, पुसतात, सकाळी पाटांवर मांडतात, हळद-कुंकू, झेंडूच्या माळा. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याला उठवेपर्यंत त्यातल्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही. मी यावर कधी हसले नाही. माझ्या घरीही घट बसतात. जी वस्तू आपल्याला पोसते तिला एक दिवस विश्रांती द्यावी, यात वाईट काही नाही.

वाईट हे, की दिलीपने धुण्याच्या भरात बेंचवरची म्हात्रेंची कडीसुद्धा धुतली, चमकवली आणि देवापुढे मांडली. सकाळी मी दुसऱ्या गाडीचा पार्ट आणायला ठाण्याला गेले होते. टेंभी नाक्याच्या देवीमुळे रस्ते वळवलेले, तिथे अडकले. इकडे म्हात्रे गाडी न्यायला आले. त्यांना थांबणं शक्य नव्हतं. दसऱ्याला सेंटर बंद म्हणून आईची पाळी एक दिवस अलीकडे, म्हणजे त्याच दुपारी आली होती. ती चुकली तर पुढची पाळी येईपर्यंत अंगात पाणी साचून म्हातारीला धाप लागते. म्हात्रे घाईला आलेले, टॉर्क रेंच पूजेत, पट्टी पूजेत आणि कडी सापडत नाही.

"मग तू काय घातलंस तिथे?" मी दिलीपला विचारलं.

"दोन वॉशर."

"कुठले?"

"डब्यातले. जाडीला सेमच दिसत होते."

"आणि नट कशाने आवळलास?"

"म्हात्रेंच्याच टूलकिटमधला पाना होता. फुल ताकद लावली मॅडम, आईशप्पथ."

तळपायाची आग मस्तकात गेली. साधे पत्र्याचे वॉशर पुलीखाली टिकत नाहीत. दाबाखाली ते वाकतात. वाकले की नट सैल पडतो, नट सैल पडला की पुली डुगडुगते आणि पट्टा तिच्यावरून उतरतो. हे दिलीपला माझ्याइतकंच माहीत होतं. मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

म्हात्रेंना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. गाडीत पेशंट असताना ते फोन घेत नाहीत, ही त्यांची चांगली सवय त्या दिवशी माझ्या मुळावर आली. त्यांच्या घरी लावला. बायको म्हणाली, "ते सासूबाईंना घेऊन निघाले कवाचेच. का ओ?"

मी केबिनमध्ये गेले. शेठ प्रसादाचे पेढे डब्यात भरत होते.

"शेठ, म्हात्रेंची गाडी चुकीची बसलीय. रस्त्यात पट्टा जाणार. मला टॉर्क रेंच, पट्टी आणि सॉकेट सेट पाहिजे."

"घे की."

"पूजेतला."

त्यांचा हात थांबला. "वैशाली, वेडीबिडी झालीस काय? आज नाय उठवायची पूजा. शेजारच्या गॅरेजमधून आण."

"शेजारीपण पूजाच आहे. सगळ्या रस्त्यावर आज पूजा आहे."

"मग उद्या सकाळी बोलव त्याला. एका दिवसात काय होतंय?"

"त्याच्या आईला घेऊन तो आत्ता बायपासला लागतोय शेठ."

"होईल गं काहीतरी. देवाचं नाव घे."

हे वाक्य मला अजून आठवतं आणि अजून माझं डोकं फिरतं. देवाचं नाव घ्यायला माझी ना नाही. पण नटाला घट्ट धरून ठेवायचं काम आपण देवावर कधी सोपवलं? दर महिन्याला लोक आमच्याकडे येतात ते आम्ही नट आवळतो म्हणून येतात.

मी बाहेर आले. पाटावरून टॉर्क रेंच उचलला, पट्टी उचलली, सॉकेट सेट उचलला. माळा बाजूला सरकवल्या. शेवटी ती कडी उचलली. शेठ दारात उभे राहून ओरडत होते, "अगं पाप लागेल!" दिलीप खाली मान घालून उभा होता.

"गाडीवर बस," मी त्याला म्हटलं. "तू बसवलंस, तूच काढणार." स्टोअरमधून एक नवा पट्टा घेतला आणि माझ्या स्कूटरवर आम्ही दोघं निघालो.

शीळफाट्याचा ट्रॅफिक हा आमच्या भागातला रोजचा शाप आहे. त्याला शिव्या दिल्याशिवाय इथल्या कुणाचा दिवस जात नाही, माझाही नाही. त्या दिवशी मात्र गाड्यांची रांग लांबून दिसली आणि मला हायसं वाटलं. म्हात्रे या रांगेत असतील तर वेग नसेल. स्कूटर कडेकडेने, कधी मातीवरून, पुढे काढली.

ते बायपासच्या अलीकडेच सापडले. गाडी रस्त्याच्या कडेला, बॉनेट उघडं, पुढे एका टेम्पोचा मागचा पत्रा चेपलेला आणि टेम्पोवाला म्हात्रेंच्या अंगावर धावून जातोय. एक ट्रॅफिक हवालदार दोघांच्या मध्ये. पट्टा उडून फॅनच्या पात्यात अडकला होता. ब्रेक लागला नव्हता. बैलगाडीच्या वेगाने चाललेली गाडी टेम्पोवर जाऊन थडकली होती. थोडं पुढे उतारावर हेच झालं असतं, तर टेम्पोवाल्याशी भांडायला कुणी उरलं नसतं.

मागच्या सीटवर म्हात्रेंची आई बसली होती, पाय सुजलेले, पदराने वारा घेत. शेजारचे काका खिडकीतून डोकं बाहेर काढून श्वास घेत होते. म्हाताऱ्या बाईच्या कपाळावर पुढची सीट लागून टेंगूळ आलं होतं.

म्हात्रेंनी मला पाहिलं. "मॅडम! ब्रेक दाबतोय तर दाबतच नाय! उभा राहिलो पेडलवर! आय आहे माझी मागं!"

"मला माहितीय. आधी गाडी करते, मग बोलते."

"कसं माहितीय तुमाला? तुमी कशा काय आलात इथं?"

मी सॉकेट सेट उघडला. दिलीप आधीच बॉनेटखाली गेला होता. या जुन्या गाड्यांचं एक बरं असतं, इंजिनपुढे हात घालायला जागा असते. त्याने अल्टरनेटरचे बोल्ट सैल केले आणि पुलीचा नट सोडवला. नट दोन बोटांनी सुटला. आतून दोन वॉशर निघाले, पापडासारखे वाकलेले. मी ते त्याच्या तळहातावर ठेवले. सैल नट फिरून फिरून शाफ्टच्या आट्यांना मार बसला होता, थोडा, पण बसला होता.

मी कडी पेट्रोलच्या फडक्याने पुसली. हळद-कुंकू सगळं काढलं. दोन सपाट तोंडांच्या मध्ये काहीही राहिलं तर कडी सरळ बसत नाही, मग ती धूळ असो की कुंकू. कडी बसवली, पुली बसवली, नट हाताने लावला. मग टॉर्क रेंच. कट्ट असा आवाज आला की जोर पुरा झाला, थांबायचं. दिलीपने आवळलं, मी रेंचवर हात ठेवून होते. फॅनच्या पुलीचे बोल्टही पुन्हा तपासले. मग पट्टी. खालच्या पुलीला टेकवून वरच्या दोन्ही पुल्यांना लावली. तिघींना सारखी टेकली. नवा पट्टा चढवला, अल्टरनेटर लोखंडी दांड्याने मागे रेटून पट्टा ताणला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि बोल्ट घट्ट केले.

तोवर हवालदाराने म्हात्रेंच्या गाडीचा नंबर लिहून घेऊन टेम्पोवाल्याला वाटेला लावलं होतं. हे सगळं करताना म्हात्रे मागे उभे होते आणि घड्याळ बघत होते. मध्येच आईला विचारत होते, "आये, धाप लागतेय का?" म्हातारी म्हणाली, "मना नको बगू. त्या बायला काम करू दे."

तेवढ्यात शेठचा फोन आला. मी फोन खांद्यात धरून बोलले.

"मिळाली गाडी? कुणाला लागलं नाय ना?"

"आजींच्या डोक्याला टेंगूळ आहे."

"बरं ऐक. त्याला सांग पट्टा जुना होता, म्हणून उडाला. पट्टा आपण बदललाच नव्हता ना? मग झालं तर. वॉशरबिशर काय बोलू नको. गॅरेजचं नाव खराब होतं."

मी फोन ठेवला. शेठ वाईट माणूस नाही. कामगारांच्या अडीअडचणीला धावतो. पण हे ऐकून मला त्याची शिसारी आली. पाप लागेल म्हणून मघाशी ओरडणारा हाच माणूस.

इंजिन बंद ठेवून मी म्हात्रेंना ब्रेक चार-पाच वेळा दाबायला लावला. पेडल घट्ट झालं. मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायला सांगितलं. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं. याचा अर्थ पंप काम करतोय. बॅटरीचा दिवाही गेला. पट्ट्याचा आवाज नाही.

"चालेल," मी म्हटलं. "निघा. मी मागून येते ठाण्यापर्यंत."

म्हात्रे सीटवर बसले, पण निघाले नाहीत. "काय झालेलं ते सांगा आधी. पट्टा जुना होता का? टेम्पोवाला पण तेच बोलत होता."

दिलीप माझ्याकडे बघत होता. सोपं होतं. नुसती मान हलवायची.

"पट्टा चांगला होता," मी म्हटलं. "आमचं चुकलं. पुलीमागची कडी बसवली नाही. त्या जागी वॉशर घातले. नटही नीट आवळला नव्हता. म्हणून पुली सैल झाली आणि पट्टा उडाला. नटाच्या आट्यांनाही थोडा मार बसलाय."

"कडी होती कुठं?"

"पूजेत."

त्यांना आधी समजलंच नाही. मी समजावून सांगितलं. मग त्यांच्या गालाची शीर उडायला लागली. मला वाटलं आता हात उगारतील. मागून आई म्हणाली, "बाळ्या, चल. उशीर होतोय." आणि ते निघाले. मी सेंटरपर्यंत त्यांच्या मागे गेले. पाळीची वेळ टळली होती, पण सिस्टरने दोघांनाही घेतलं. आजींच्या टेंगळावर बर्फ ठेवला. दिलीप बाहेर बाकावर बसून राहिला.

दसऱ्याला सकाळी शेठनी पूजा उठवली. पाटावर एक मोकळी जागा होती, तिच्याकडे बघत त्यांनी मला ऐकवलं की देवाचा अपमान झाला. मी म्हटलं, "झाला. गिऱ्हाइकाच्या गाडीची कडी आपण देवाला वाहिली तेव्हा झाला." मग त्याच दिवशी मी नियम केला. उघडलेल्या गाडीचे सुटे भाग झाकणाच्या डब्यात राहतील, डब्यावर गाडीचा नंबर आणि त्या डब्याची पूजा होणार नाही. शेठनी काही काळ तोंड फुगवून ठेवलं, पण नियम चालू आहे.

संध्याकाळी म्हात्रे आले. हातात आपट्याची पानं होती. त्यांनी दिलीपला सोनं दिलं, मला दिलं, शेठना दिलं. शेठ खूश झाले, पेढ्यांचा डबा पुढे केला. म्हात्रेंनी पेढा घेतला नाही.

"शेठ, गाडी आता इथं नाय आणणार," ते म्हणाले. "राग नाय धरलाय. पण आयला घेऊन बसायचं म्हणजे माझा जीव थाऱ्यावर राहणार नाय. कोपर स्टेशनजवळच्या एका मेकॅनिकशी बोललोय."

शेठ काहीतरी बोलायला लागले, जुनी ओळख, एवढी वर्षं. म्हात्रेंनी त्यांना हाताने थांबवलं आणि ते माझ्याकडे वळले.

"मॅडम, तो आटेवाला नट तुमी बोललात ना, मार बसलाय म्हणून? किती दिवसांनी बघायला सांगू त्याला?"

"महिनाभराने. आणि पुली काढली तर हीच कडी आठवणीने परत घालायला सांगा."

"सांगतो," म्हणाले आणि गेले.

ते रस्ता ओलांडून दिसेनासे झाले तसे शेठ माझ्यावर उखडले. "बघितलंस? मिळालं समाधान? काय कमावलंस खरं बोलून? पट्टा जुना होता एवढं एक वाक्य बोलली असतीस तर गिऱ्हाईक हातचं गेलं नसतं!"

माझाही पारा चढलेला होता. मी म्हटलं, "शेठ, पट्टा जुना होता असं सांगितलं असतं, तर त्या कोपरच्या मेकॅनिकने पट्टा बघितला असता. आता तो नट बघेल."